चौथं ढेकूळ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरहून लेकीला न्यायला भाऊ येतो. त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. त्या वर्षी देवपुरात माझ्या दारात मुराळी म्हणून नाना उभे राहिले, माझे वडील. धोतर धुळीनं भरलेलं, हातात रिकामी पिशवी. सासूबाईंनी पाणी दिलं. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले, आणि बाहेर येऊन म्हटलं, "चला नाना, एसटी चुकेल."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. भाऊ माझ्याहून धाकटा, आदल्या भादव्यात गिरणेच्या पुरात गेला. शेजारच्या काकूंची वगार, म्हशीचं तरणं पिल्लू, धारेला लागली आणि ह्यानं उडी मारली. वगार पुढे जाऊन आपली आपण काठाला लागली. हा दुसऱ्या दिवशी सापडला. एका जनावरापायी! खरं सांगते, मला अजून त्याचा राग येतो. समोर असता तर बडवून काढला असता गाढवाला.

पण घर पोखरलं ते ढेकळानं. आखाजीला पितरांच्या नावानं पाण्याची घागर पुजतात, आणि ती ठेवायची शेतातल्या चार ढेकळांवर. एकेक ढेकूळ पावसाच्या एकेका महिन्याचं: जेठ, आखाड, श्रावण, भादवा. घागर पाझरते, आणि सकाळी जे ढेकूळ जास्त भिजलेलं दिसेल त्या महिन्यात जास्त पाणी. आमच्या गल्लीत ढेकळं वाचायचा मान नानांचा. भाऊ होता त्या शेवटच्या आखाजीला भादव्याच्या ढेकळाचा नुसता चिखल झाला होता. नाना ओट्यावरून मोठ्यानं म्हणाले होते, "भादवामा गिरणा गावमा येई!" आणि भाऊ हसून म्हणाला होता, "येऊ द्या नाना, मी पोहून घेईन."

तो गेल्यावर लोक भेटायला येत आणि जाता जाता म्हणत, "नाना, तुमचं ढेकूळ खरं निघालं बरं." काय बोलावं अशा लोकांना! नानांनी ते मनाला लावून घेतलं. देवानं चार महिने आधी सांगितलं होतं, मी वाचलं आणि मलाच कळलं नाही, हे एकच तुणतुणं. अन्न तुटलं. माणूस निम्मा झाला.

एसटीतही तेच सुरू झालं. भडगाव जवळ येईपर्यंत मी ऐकून घेतलं, मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "नाना, देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, तर उडी मारली कोणी? त्याला नाही म्हणायला जागा तरी होती का? मग देवानंच ढकललं म्हणा ना सरळ!" पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देवले नको बोलू, अक्का. चुकी मन्ही शे." म्हणजे फिरून चूक त्यांचीच. मी कपाळाला हात लावला.

आखाजीच्या सकाळी त्यांनी शेतातून ढेकळं आणली ती तीनच. कोणाकडे न बघता मांडली. घागर त्या वर्षी भावाच्या नावाची. वर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. तीन ढेकळांवर घागर बसली चांगली, चुलीच्या तीन दगडांवर भांडं बसतं तशी. आईनं एकदा घागरीकडे पाहिलं, एकदा नानांकडे. मग परसातून एक ढेकूळ उचलून आणलं, घागर जराशी कलती केली आणि चौथं खाली सरकवलं.

"ठेवा, नका ठेवा," ती म्हणाली, "भादवा ते येईच."

दुसऱ्या सकाळी चौथं ढेकूळ पुन्हा ओलंचिंब. परसातली माती ती, मऊच असणार. पण नाना त्याला बोट लावून कितीतरी वेळ बसून राहिले. मग उठले आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. "भादवामा वगार वर बांधा, चढावर. पाणी शे." काकू डोक्यावरचा पदर सावरत कशाबशा म्हणाल्या, "हो नाना."

वर्षश्राद्धाला मी पुन्हा गेले. गिरणेत पाणी किती? गुडघाभरसुद्धा नाही. पात्राच्या मधोमध बसून बाया धुणी धूत होत्या. वगार मात्र बिचारी चढावर बांधलेली. नाना मला हाताला धरून नदीवर घेऊन गेले, त्या एवढ्याशा पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "ढेकळाले काहीच ठाऊक नव्हतं, अक्का." थोड्या वेळानं परत म्हणाले, "काहीच ठाऊक नव्हतं."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. वाटी पुढे करून खीर मागून घेतली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! मी धावतच चुलीपाशी आईकडे गेले. "आई, नाना सुटले गं. ढेकळाला काही ठाऊक नव्हतं म्हणतात."

"ढेकळाले काय ठाऊक राही," आई म्हणाली. "माले व्हतं."

मला आधी समजलंच नाही. मग तिनं सांगितलं. भाऊ जेवत होता. नदीकडून वगारीचं ओरडणं आलं, आणि त्यानं हातातला घास ताटात ठेवला. उठला नव्हता अजून, नुसता घास ठेवला होता. तेवढ्यावरून तिला कळलं की हा आता जाणार आणि पाण्यात उडी घेणार. बस म्हटलं तर बसणार नाही, हेही कळलं. पोटचं पोर, त्याला ती ओळखून होती. ती काहीच बोलली नाही. तव्यावरची भाकरी तेवढी उलटली.

"अगं, तुला ठाऊक होतं म्हणून का त्यानं उडी मारली?" मी म्हटलं. "त्याच्या मनानं मारली त्यानं."

"मंग? मी ढकला का त्याले?" ती एकदम माझ्यावरच उसळली. "तू एसटीमा देवले बोलनी म्हने. देवानं ढकललं म्हने. त्यालेबी असंच ठाऊक व्हई, मन्हासारखं. तोबी बसेल व्हई भाकर उलटत."

वर्षभर ज्या देवाशी भांडत होते त्याला आता काय म्हणावं, ते मला सुचेना. आईचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

इतक्यात ओट्यावरून नानांनी सुपारी मागितली. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा आला होता. आईनं पदरानं तोंड पुसलं, अडकित्ता माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "त्यासले हाई सांगू नको."