पट्टीवरचे चौदा सेंटिमीटर

नदी समुद्राला मिळते तिथल्या रंगाच्या कारखान्यात मावशी बावीस वर्षं एकच काम करत होत्या. रोज धक्क्याच्या टोकाशी जायचं, खांबावर ठोकलेल्या पट्टीवर भरतीचं पाणी कुठवर चढलं ते वाकून बघायचं आणि वहीत लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? महिनाभर करून बघा म्हणजे कळेल! ताप असो, वादळ असो, मावशींनी एक दिवस चुकवला नाही. मुलाच्या लग्नात व्याही त्यांना शोधत होते आणि या आपल्या धक्क्यावर. "आज अंदाजाने लिहा की," असं कुणी म्हणालंच, तर त्या अशा बघायच्या की बोलणाऱ्याची बोबडी वळायची.

निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना कारखान्याने पुराची भिंत नव्याने बांधायचं ठरवलं. भिंतीच्या आत रसायनांच्या टाक्या आणि कामगारांची वसाहत. मावशींचं घर त्यातच. इंजिनियर साहेबांनी वह्या चाळल्या आणि खूश झाले.

"मावशी, सोनं आहे हे! बावीस वर्षांत पाणी जराही वाढलेलं नाही. जुन्याच उंचीची भिंत पुरे."

निरोपाच्या दिवशी वह्यांसकट मावशींचा सत्कार करायचंही ठरलं. मावशी हरखल्या, पण मनात पाल चुकचुकली. धक्क्याची एक पायरी होती, तिच्यावर बसून त्या पाय धुवायच्या. पूर्वी ज्या आकड्याला ती पायरी कोरडी असायची, त्याच आकड्याला ती हल्ली बुडत होती. दगडाची पायरी काय स्वतःहून खाली गेली?

ओहोटीला त्या खाली उतरल्या, खांबावरचं शेवाळ खरवडलं आणि पट्टीचे खिळे निरखून पाहिले. नऊ वर्षांपूर्वी एक बोट आदळून पट्टी निखळली होती. मापाने पट्टी बसवणारा मोजणीवाला रजेवर. एक दिवसही कोरा जायला नको म्हणून मावशींनी आपल्या सुतार दिराला बोलावलं, नजरेनेच जागा दाखवली आणि म्हणाल्या, "ठोका, भाऊजी!" आता जुन्या खिळ्यांची भोकं नव्या खिळ्यांच्या चौदा सेंटिमीटर खाली दिसत होती. पट्टी वर बसली होती, म्हणजे नऊ वर्षांचा प्रत्येक आकडा चौदाने कमी.

दिराने हात जोडले. "वहिनी, गप्प बसा. पंधरा दिवसांनी सुटलात. कुणाच्या बापाला कळणार नाही. आपल्याच हाताने आपल्या तोंडाला काळं फासणार का?"

मावशींनी रात्रभर वह्या चाळल्या. त्या वह्यांवरच तर त्या ताठ मानेने जगल्या होत्या. पण भिंत त्याच आकड्यांवर उभी राहणार होती. सकाळी त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. चार माणसं बसलेली होती, तरी थांबल्या नाहीत.

"साहेब, नऊ वर्षं चुकीचं लिहिलंय. पट्टी वर ठोकली गेली होती. चूक माझी, ठोकणाऱ्या दिराची नाही. भिंत चौदा सेंटिमीटर वाढवा."

साहेबांचा चेहरा पडला, पण भिंतीची उंची त्यांनी वाढवली. सत्कार बारगळला. "फार तोरा होता, बघा!" असं म्हणणारेही निघालेच, त्यांची काय कमी असते? मावशींनी मात्र उरलेले दिवस लाल पेन घेऊन नऊ वर्षांच्या एकेका आकड्यात चौदा मिळवले. काय छाती म्हणायची या बाईची!

पुढच्या वर्षी मोठं उधाण आलं, त्यात वारं समुद्राकडून. भर दुपारी पाणी नव्या भिंतीवर चढत गेलं. सगळी वसाहत श्वास रोखून बघत होती. काठाच्या खाली दोन बोटं उरली आणि पाणी थांबलं. लोकांनी एकच गलका केला. मावशी बाजूला डोळे पुसत उभ्या होत्या.

सून धावत आली. "अहो आई, आता कशाला रडताय?"

"नऊ वर्षं गं. नऊ वर्षं खोटं लिहिलं मी."

सुनेने त्यांचा हात घट्ट धरला. "चला घरी. शेगडीवर चहा ठेवलाय. शेगडी कोरडी आहे आपली, आई."