तपासणीआधीचे चार दिवस

सकाळचा चहा झाला होता. लीलाबाई ओट्यापाशी दुधावरची साय काढत होत्या. बाहेरच्या खोलीत रघुनाथ गुरुजी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले होते. पुसायचा, डोळ्यांवर चढवायचा, पुन्हा काढून पुसायचा, असं बराच वेळ चाललं होतं. तेवढ्यात दार वाजलं.

"बघा हो, कोण आहे," लीलाबाई आतूनच म्हणाल्या.

गुरुजींनी दार उघडलं, समोरच्या माणसाकडे निरखून पाहिलं आणि आदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

समोर वाल्मिक उभा होता. समोरच्याच घरात राहणारा, मूळचा धुळ्याकडचा, सिल्वासाजवळच्या मसाटच्या कारखान्यात फिटर. रात्रीचं जेवण झालं की रोज गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसणारा.

"काय गुरुजी, सकाळी सकाळी गरिबाची फिरकी घेता का?" तो हसला. "तुमची टाकी केव्हाची वाहतेय. मोटर बंद करा, नाहीतर माझ्या दारात दमणगंगा यायची."

गुरुजीही हसले. पण पदराला हात पुसत बाहेर आलेल्या लीलाबाईंना हसू आलं नाही. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला होता. ती थट्टा नव्हती. गुरुजींनी वाल्मिकला ओळखलंच नव्हतं.

तो गेल्यावर लीलाबाईंनी विचारलं, "दिसत नाहीये का?"

"उजव्या डोळ्यापुढे कोळिष्टकं लोंबल्यासारखी वाटतात. डावाही जरा धूसर आहे. नंबर वाढला असेल."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून." मग पुन्हा चष्मा पुसत, "म्हणजे, परवापासूनच."

रघुनाथ गुरुजी तरुणपणी रत्नागिरीकडून सिल्वासाला आले ते इथल्या मराठी शाळेत गणित शिकवायला, आणि इथलेच होऊन गेले. शिकवायचे चांगलंच, पण नाव झालं ते कॉपी पकडण्यात. मुलं पाठीमागे त्यांना घार म्हणायची. चिठ्ठी सापडली तरी हात उगारायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "बाळा, मला फसवून माझं काय बिघडणार आहे?" आजही किलवणी नाक्यावर एखादा टक्कल पडलेला विद्यार्थी त्यांना पाहून सिगारेट पाठीमागे नेतो.

पन्नाशीच्या आतच त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली, रोज चाला म्हणाले, जेवणावर ताबा ठेवा म्हणाले आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासून या म्हणाले. गोळी ते घ्यायचे, पण बाकीच्यातलं शेवटचं तेवढं गुरुजींनी मनापासून पाळलं. तपासणीला चार दिवस उरले की घरात वेगळंच राज्य सुरू व्हायचं. भात बंद. कारल्याची भाजी, नाचणीची भाकरी, सकाळ-संध्याकाळ नदीच्या पुलापर्यंत फेरी. आदल्या रात्री तर नुसतं ताक पिऊन झोपायचे. उपाशीपोटीचा आकडा मग छानच यायचा. डॉक्टर म्हणायचे, "उत्तम. आहे तीच गोळी चालू ठेवा."

रिपोर्ट खिशात घालून गुरुजी थेट फरसाणवाल्याकडे जायचे. घरी आले की जिलेबी-फाफड्याची पुडी टेबलावर ठेवून म्हणायचे, "पास." आणि लीलाबाई बशा काढायच्या.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही डॉक्टर लिहून द्यायचे. "तीही करून टाका की एकदा," असं लीलाबाई म्हणाल्या होत्या. "एका पेपरात पास झालो ना? मग दुसरा कशाला?" गुरुजी म्हणाले. लीलाबाईंनीही मग विषय सोडला. खरं सांगायचं तर ते चार दिवस त्यांनाही आवडायचे. नवरा शहाण्यासारखा वागतोय, आपण त्याच्यासाठी काहीतरी करतोय, असं वाटायचं.

वाल्मिकने सुट्टी टाकून त्यांना वापीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून डोळे आतून तपासले आणि साखरेचं विचारलं. लीलाबाईंनी अगदी अभिमानाने सगळे रिपोर्ट पुढे केले.

"एवढे चांगले रिपोर्ट, आणि पडद्यावर एवढं रक्त?" बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काका, रोज काय खाता?"

लीलाबाई कारल्याचं सांगायला निघाल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मान खाली घालून म्हणाले, "पथ्य मी तपासणीआधीचे चार दिवस पाळतो. एरवी नाही."

बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं लीलाबाईंना वाटून गेलं.

"तुमच्या डॉक्टरांनी या रिपोर्टवरूनच गोळी ठरवली ना, काका. त्या चार दिवसांच्या पथ्यातल्या माणसाला पुरेल एवढी गोळी तुम्ही वर्षानुवर्षं घेत राहिलात. उजवा डोळा पहिल्यासारखा होईल असं मी सांगणार नाही. डावा राखता येईल, पण साखर खरोखर ताब्यात आली तर."

परतीच्या वाटेवर दादरा मागे पडलं तेव्हा लीलाबाई हळूच म्हणाल्या, "बशा मीच काढायचे."

"खायचो मी," गुरुजी म्हणाले.

मग लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. सिल्वासाच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगितल्यावर त्यांनी गोळ्या बदलल्या आणि रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. भात वाटीभर, तोही दुपारीच. वाल्मिकच्या खांद्यावर हात ठेवून गुरुजी रोज चालायला जाऊ लागले. "गुरुजी, या वयात मला धरून चालता, लोक काय म्हणतील," असं वाल्मिक चिडवायचा. उजव्या डोळ्यापुढची कोळिष्टकं गेली नाहीत. डावा टिकला, पण धूसरच राहिला. शेजारच्या मुलांची गणितं तपासणं मात्र गुरुजींनी सोडून दिलं. मुलं वही घेऊन यायची, तर ते म्हणायचे, "वाचून दाखव." मग मुलं यायचीही कमी झाली.

बघता बघता पुढची तपासणी आली. सोमवारी रक्त द्यायचं होतं. लीलाबाई बाजारातून आल्या, पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि विळी घेऊन बसल्या. गुरुजी भिंत चाचपत स्वयंपाकघरात आले. ओट्यावर हात फिरवताना त्यांच्या बोटांना कारल्याचा खरबरीतपणा लागला.

"सोमवारी जायचंय ना?"

"हो." लीलाबाईंचा हात थांबला. कारली का घेतली, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

गुरुजी पाटावर बसले. "लीला, एक ऐकशील? हे चार दिवस माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. रोज वाढतेस तेच वाढ."