वळणाच्या आतल्या बाजूला

"जायचं ठरलंय. आता कसं जायचं, तेवढंच बोला."

शेजारच्या काकूंचं हे वाक्य आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं. ते बोलताना त्या पदर कमरेला खोचायच्या. पदर खोचला गेला की समोरच्यानं कारणं सांगणं थांबवावं, हे आम्ही अनुभवानं शिकलो होतो. तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. त्याच्यामागे लोक कुरकुरतात, पण कामं त्याच्यामुळेच होतात.

काकूंचे यजमान, म्हणजे आमचे काका, अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांना मोटारींच्या रॅलीचं वेड. जिल्ह्यात कुठंही रॅली असली की मित्रांबरोबर शनिवार-रविवार गायब व्हायचे आणि मातीनं माखून परत यायचे. काकू डबा बांधून द्यायच्या, पण स्वतः कधी गेल्या नाहीत. "धुळीत उभं राहून धूळ बघायला जातात," असं आम्हाला सांगायच्या.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. निवृत्तीनंतर गावोगाव हिंडणारा माणूस खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिला. एका संध्याकाळी त्यांचा जुना मित्र भेटायला आला आणि बोलता बोलता सांगून गेला, की यंदा रॅली सटाण्याच्या बाजूला आहे. तो गेल्यावर काका रडले. आजारपणात ते कधी रडले नव्हते. काकूंनी त्यांचं तोंड पुसलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गाडी माझ्याकडे होती. त्या काय म्हणाल्या ते तुम्हाला माहीत आहेच.

पुण्याहून मुलानं फोनवर बरंच सुनावलं. बाबांना अशा ठिकाणी नेणं म्हणजे वेडेपणा आहे, असं त्याचं म्हणणं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी त्याच्याकडूनच घडी होणारी व्हीलचेअर मागवून घेतली. डॉक्टरांकडे मीही बरोबर होतो. नेऊ का, असं काकूंनी विचारलंच नाही. नेताना काय काय सांभाळायचं, एवढंच विचारलं. डॉक्टर उत्तर देऊन बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण परवानगी दिली आहे.

रॅलीच्या आदल्या रविवारी काकू आणि मी रस्ता बघायला गेलो. रॅलीचा रस्ता गाड्या सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद करतात आणि शेवटची गाडी गेल्याशिवाय उघडत नाहीत. मधेच काकांना काही झालं तर काय, ही काकूंची खरी काळजी होती. म्हणून त्यांना अशी जागा हवी होती, जिच्या मागच्या बाजूनं शेतातून बाहेर पडता येईल. प्रत्येक वळणावर त्या मला थांबवायच्या, उतरायच्या, सावली कुठं पडते आणि खुर्ची कुठवर ढकलता येते ते पाहायच्या. मी वैतागलो होतो. त्या वैतागल्या नाहीत. अखेर एका वळणावर कांदे साठवायची चाळ, शेजारी लिंबाचं मोठं झाड आणि मागून निघणारी गाडीवाट, असं सगळं एकत्र मिळालं.

चाळीत एक बाई कांदे निवडत होती. काकूंचं माहेर इथलंच, बागलाणातलं, पण त्यांना अहिराणी बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

"माय, मना मालक आजारी शेतस. तेस्ले गाड्या दखाडन्या शेतस."

"मंग आठेच लई या," ती बाई म्हणाली. आजारी नवऱ्याला गाड्या दाखवायला इथंच आणा, बसायला बाजही देते, असं तिचं म्हणणं.

शुक्रवारी सटाण्याला काकूंच्या भावाकडे मुक्काम करून आम्ही शनिवारी उजाडता उजाडता त्या वळणावर पोचलो. लिंबाखाली बाज टाकली, काकांना निजवलं, उशाला गोधडी दिली. पण काका काही केल्या स्वस्थ होईनात. डावा हात सारखा उचलत होते, घशातून आवाज काढत होते. काकूंनी पाणी पाजलं, उशाची गोधडी सारखी केली, पंख्यानं वारा घातला. त्यांचा हात थांबेना. "घरी जायचंय का?" असं विचारताना काकूंचा आवाज बदलला. तेवढा एकच क्षण मी त्यांना डगमगलेलं पाहिलं.

तेवढ्यात नारिंगी जॅकेट घातलेला एक स्वयंसेवक आला आणि म्हणाला, इथं कुणालाच बसता येणार नाही. ही वळणाची बाहेरची बाजू आहे, गाडी घसरली तर सरळ इकडे येते. बसायचं तर पलीकडे, आतल्या बाजूच्या उंचवट्यावर. रस्ता थोड्याच वेळात बंद होणार होता.

काकांचा हात खाली आला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"हेच सांगत होतात ना मघापासून?"

काकांनी डोळे मिटून हो म्हटलं.

मला वाटलं, आता परत फिरायचं. पलीकडे चढ होता, खुर्ची जाण्यासारखा नव्हता, आणि मागची गाडीवाटही अलीकडेच राहणार होती. काकूंनी पदर खोचला, चाळीतल्या बाईला हाक मारली. तिचा नवरा आणि दीर आले. त्या दोघांनी, मी आणि काकूंनी बाजेचा एकेक पाय धरला आणि काकांना बाजेसकट रस्त्यापलीकडे उंचवट्यावर नेलं. काकूंना धाप लागली होती, पण मधे खाली ठेवू दिलं नाही. आम्ही टेकतो न टेकतो तोच शिट्टी झाली.

पहिल्या गाडीचा नुसता आवाज आला, डोंगराच्या पलीकडून. काकांनी मान वळवली. मग ती दिसली आणि गेलीसुद्धा, मागं धुळीचा लोट. पुढे एक गाडी खरोखरच घसरली आणि लिंबाच्या बुंध्याजवळ जाऊन थांबली, मग मागे घेऊन निघून गेली. काकूंनी काकांचा डावा हात घट्ट धरून ठेवला.

आणखी काही गाड्या गेल्यावर मी पाहिलं, तर काकू उभ्या होत्या. पुढची गाडी कोणती, ही इतकी आडवी का वळली, असं त्या स्वयंसेवकाला विचारत होत्या. काका गाड्या सोडून त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसायची, पण ती हसत होती.

परतताना काका मागच्या सीटवर झोपले. काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी घरी बसून काय करत होते, कुणास ठाऊक."

त्याच हिवाळ्यात काका गेले. पुढच्या वर्षी रॅलीची बातमी मला काकूंनीच दिली. नंतर आम्ही दरवर्षी गेलो, आयोजक त्यांना ओळखू लागले, स्वयंसेवकाचं जॅकेटही देऊ लागले. गेल्या वर्षी काकूही वारल्या. यंदा मी एकटाच जाऊन आलो.

मला त्या आठवतात त्या वळणावरच्याच. साडीवर ते मोठं नारिंगी जॅकेट, दोन्ही हात आडवे पसरलेले. समोर मोबाइल उंचावून पुढं घुसणारी पोरं. आणि काकू त्यांच्यावर ओरडत नाहीत, नुसत्या पुढे चालत जात आहेत.

"मांगे सरका, भो. आखो मांगे."

आणि ती सगळी गर्दी आणखी एकेक पाऊल मागं सरकते आहे.