कव्हरवरचं नाव

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... आणि आता आहे, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. आम्ही बौद्ध. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावात कुणी भुताची गोष्ट सांगायला बसलं की मुद्दाम तिथं जायचे आणि एकेक प्रश्न विचारून सांगणाऱ्याला रडकुंडीला आणायचे. त्यांचीच मी मुलगी, त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीची बाई. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

नळदुर्गात हायवेपासून दोन गल्ल्या आत आमचं घर. मिस्टर नोकरीमुळं उमरग्याला असतात, सुट्टीला येतात. आण्णा गेल्यापासून आई माझ्याकडं आहे. हॉलमध्ये त्रेचाळीस इंची टीव्ही आहे. मोबाईलच्या ॲपवर गाणं लावलं की ते टीव्हीवर वाजतं आणि त्या अल्बमचं कव्हर पडदाभर दिसतं, एवढंच आमच्या घरातलं तंत्रज्ञान.

बेंबळीला, आमच्या गावी, आण्णांची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात ते घरी सापडायचे नाहीत. मी तान्ही असताना या पार्टीनं सोलापूरला जाऊन एक कॅसेट केली. एकच. त्यात आण्णांच्या मागं बाईचा जो आवाज आहे तो आईचा. नुसती मागून धृपदाची झील धरलेली नाही, दोन गाण्यांत अख्खी कडवी तिची आहेत. पुढं टेपरेकॉर्डर बिघडला, कॅसेटची पट्टी गुंतून तुटली, कव्हरचा कागदही कुठं गेला कळलं नाही. कितीतरी वर्षं आईनं स्वतःचा आवाज ऐकला नव्हता.

गेल्या वर्षी सहज म्हणून ॲपवर आण्णांचं नाव टाकलं आणि काय सांगू... कॅसेट निघाली! कुणा हौशी माणसानं जुन्या कॅसेटी जमवून चढवल्या होत्या. मी टीव्हीवर लावली. हार्मोनियम वाजली आणि पडद्यावर आण्णा आले. डोक्याला फेटा, मिशा कोरलेल्या, पुढ्यात पेटी. खाली लाल अक्षरांत – ‘धोंडिराम आणि संच’.

आई उठली, टीव्हीपाशी गेली. आधी आण्णांच्या फोटोवरून हात फिरवला. मग ‘संच’ या शब्दावर बोट ठेवून हसत म्हणाली, “हे माझं नाव.”

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून जिभेला सवय लागलेली. मी म्हणाले, “अगं आई, ते संच आहे. संच म्हणजे बाकीचे सगळे. तुझं नाव नाही ते.”

आई निरक्षर आहे. कॅसेट घरी आली तेव्हा तिनं आण्णांना विचारलं होतं, माझं नाव कुठंय. आण्णांनी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं होतं. तेव्हापासून ती दोन अक्षरं म्हणजे तिचं नाव. दारावर भांड्यांवर नाव घालणारा आला की ती तो कव्हरचा कागद पुढं करायची आणि हे काढ म्हणायची. आमच्या घरातल्या ताटांवर, तांब्यांवर, पातेल्यांवर ‘संच’ असं कोरलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, भांड्यांचा सेट असतो म्हणून तसं लिहितात. इतकी वर्षं त्या ताटांत जेवले, पण मला कधी प्रश्न पडला नाही.

“मग माझं नाव कुठाय?” आईनं विचारलं.

कव्हरवर जागा नसेल, कंपनीवाल्यानं छापलं नसेल, असं काहीबाही बोलत राहिले. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. टीव्ही बंद कर म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली आणि बेंबळीहून आणलेली, नाव घातलेली सगळी भांडी एकेक करून पोत्यात भरली. मी आडवी गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाली, “मला येड्यात काढलं व्हय गं त्यांनी? सगळ्या बेंबळीला भांडी दाखवत फिरले की मी.”

त्यानंतर दोन-अडीच महिने घरात आण्णांचा विषय निघाला नाही. आई आधी कामं करताना गुणगुणायची, ते थांबलं. आण्णांच्या तसबिरीसमोर रोज मेणबत्ती लावायची, तेही माझ्यावर सोपवलं. चाळीस वर्षांचा संसार आणि त्यातलं एक खोटं आता एवढं मोठं झालं होतं, आणि ते उकरून काढणारी मी. खूपदा मनात आलं, सांगून टाकावं की मीच चुकीचं वाचलं होतं. पण आई म्हणजे काही पहिलीतलं पोर नाही. माझा चेहरा तिला माझ्यापेक्षा चांगला वाचता येतो.

मग तो रविवार आला. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. मी कुठलीतरी जुनी गाणी लावून आत भाकरी करत होते. आई हॉलमध्ये मेथी निवडत बसली होती. आपली गाणी संपली की ॲप स्वतःहून पुढचं काहीतरी लावतं, तसं त्यानं आण्णांचं लावलं. यात मला विशेष काही वाटत नाही, पूर्वी ऐकलेलं ते लावतंच. पेटीचा आवाज ऐकून मी भाकरी थापायची थांबले. आता आई उठून जाणार. मी पिठाचे हात धुवायला वळले, तेवढ्यात समोरच्या मंगलाक्का विरजण मागायला आल्या. घरात कानडी बोलणाऱ्या, अक्कलकोटकडच्या. कव्हरबद्दल, नावाबद्दल त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आमच्या घरातली गोष्ट मी कशाला बाहेर सांगू?

मला आतून ऐकू आलं. मंगलाक्का पडद्यावरचं सावकाश वाचत होत्या, “धोंडिराम आणि... गिरजाबाई. मावशी, हे तुमचं नाव हाय की. तुम्ही गाणं म्हणत होता?”

आई फटकन म्हणाली, “हिनं पढवलंय तुला.”

मी ओल्या हातानंच बाहेर आले. फोटो तोच. लाल रंग तोच, अक्षरांची वळणं तीच, छपाईत जरा तिरकी गेलेली. पण ‘आणि’च्या पुढं ‘संच’ नव्हतं. गिरजाबाई होतं. मी डोळे मिटून उघडले. पहिलीतल्या पोराला वाचायला लावते तसं एकेक अक्षर मनात जुळवलं... गि, र, जा, बा, ई.

“आई, खरंच लिहिलंय,” मी म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावरून तिनं काय ओळखलं माहीत नाही. मांडीवरची मेथी खाली ठेवून ती टीव्हीपाशी गेली आणि मागच्या वेळी ठेवलं होतं तिथंच तिनं बोट ठेवलं. कॅसेटच्या कागदावर एका बोटाखाली अख्खा शब्द झाकला जायचा. या वेळी पुढं अक्षरं उरली. तिनं दुसरं बोट ठेवलं, तिसरं ठेवलं, मग सगळा पंजा टेकवला, तरी शेवटचं अक्षर बाहेर राहिलं.

“लई मोठं हाय की गं माझं नाव,” ती म्हणाली.

मला रडू आवरेना. मंगलाक्का बिचाऱ्या गोंधळून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. आई खाली बसली आणि तिचं कडवं आलं तेव्हा तिनं तोंड उघडलं. आवाज आता फाटतो, श्वास पुरत नाही, पण एक शब्द चुकली नाही. कॅसेट संपेपर्यंत ते नाव तिथंच होतं. भाकरी तव्यावर करपली.

तुम्ही विचाराल, फोटो का नाही काढला. मोबाईल जवळच होता. पण गाणं त्याच्यावरूनच वाजत होतं. हात लावला आणि काही बंद पडलं तर... मला ती जोखीम घ्यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर पुन्हा लावलं. ‘धोंडिराम आणि संच’. मोबाईलवर तेच, मिस्टरांना उमरग्याला फोन करून बघायला लावलं तर त्यांच्या मोबाईलवरही तेच. कॅसेट चढवणाऱ्या माणसाला मेसेज करून विचारलं, कव्हर मध्ये बदललं होतं का. त्यांनी मूळ कागदाचा फोटो पाठवला. त्यावरही संच. आम्ही काही बदललेलं नाही, म्हणाले. माझ्या मनात होतं म्हणून मला तसं दिसलं, असं म्हणायला मी एका पायावर तयार आहे. पण मंगलाक्कांनी माझ्याआधी वाचलं त्याचं काय? त्यांना आजही विचारलं तर म्हणतात, गिरजाबाईच होतं, मला काय वाचता येत न्हाय का? आण्णा असते तर त्यांनीच मला प्रश्न विचारून भंडावून सोडलं असतं.

आईला मात्र मी त्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळीच खरं सांगितलं. एकदा खोटं उघडं पडल्यावर काय होतं ते बघून झालं होतं. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. मी म्हणाले, आई, आज परत संच लिहिलंय.

तिनं हातातली शेंग पूर्ण मोडली. मग म्हणाली, “असू दे. तुझ्या आण्णांच्या हातात असतं तर त्यांनी तवाच लिवलं असतं.”