गिरीशची मुदतवाढ

टेक्सासमधल्या अर्विंगच्या आमच्या ऑफिसात गिरीशला सगळे वचकून असतात. तो साहेब नाही, आवाजही चढवत नाही. पण मागे लागला की सुटका नाही. आमच्या मूळ कंपनीच्या हाताखाली अकरा कंपन्या, त्यातल्या चार विम्याच्या. सगळ्यांचं मिळून एकच टॅक्स रिटर्न जातं, पण विमा कंपन्यांचे फॉर्म वेगळे आणि तेही त्यालाच जोडायचे. ते कागद वेळेत गोळा करणं हे गिरीशचं काम. कुणी ढिलाई केली की त्याला दिवसात चार मेल, वर फोन. मी शेजारीच बसतो. माझे कान किटलेत.

नवी विकत घेतलेली आयुर्विमा कंपनी बहुतेक वेळा पाच वर्षं या एकत्र रिटर्नमध्ये घेता येत नाही. गेल्या वर्षी आमच्या एका कंपनीची पाच वर्षं भरली, तर या गृहस्थाने ऑफिसात पेढे वाटले. मी म्हटलं, "काय रे, ग्रीन कार्ड मिळाल्यासारखा नाचतोस?" आणि लगेच जीभ चावली.

कारण ते त्याला मिळालेलं नाही. रुही दोन वर्षांची असताना तो नागपूरहून इथे आला. मुलं बापाच्या अर्जात बसतात ती एकवीस वर्षांची होईपर्यंतच. पहिल्या कंपनीत त्याची फाइल वकिलाकडे दोन वर्षं नुसती पडून होती, आणि तीच दोन वर्षं नडली. ग्रीन कार्डची रांग अर्जाच्या तारखेप्रमाणे सरकते; ती सरकत सरकत त्याच्या तारखेच्या तेरा महिने अलीकडे थांबली. मार्चमध्ये रुहीला एकविसावं पूर्ण झालं.

इथे राहता यावं म्हणून तिने स्टुडंट व्हिसा मागितला. तोही नाकारला, ही परत जाईल असं वाटत नाही, म्हणे. परत कुठे जाणार ती? कंपनीने एक फॉर्म भरला की रिटर्नला सहा महिन्यांची मुदतवाढ आपोआप मिळते. पोरीला सहा दिवस मिळेनात. मला अजून संताप येतो.

विमानतळावर मीच त्यांना घेऊन गेलो. रुही नागपूरला आत्याकडे राहणार होती, जिला ती जन्मात दोनदा भेटली होती. गिरीशची बायको शरयू वाटभर तिचा हात धरून बसली होती.

सिक्युरिटीच्या रांगेपाशी रुही थांबली.

"बाबा, दोज टू इयर्स... तू त्या लॉयरला कॉल नाही केलास?"

गिरीश बॅगेचा पट्टा नीट करत राहिला.

"एकदा मेल केला होता गं. मग सारखं विचारणं बरं दिसेना."

"ओके, बाबा," ती म्हणाली. त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि रांगेत शिरली.

शरयू गिरीशकडे बघत राहिली. तिलाही हे आजच कळत होतं.