तिथं निरंक लिव

शाहूपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर प्लास्टिकची एक खुर्ची आहे. मी निवृत्त झाल्यापासून ती माझी. दुकानदारानं ती मला दिलेली नाही. मी जाऊन बसलो आणि त्याला मला उठवायचं धाडस झालं नाही, एवढंच. पोलीस भरती निघाली की पोरंपोरी फॉर्म घेऊन येतात आणि तो माझ्याकडं बोट दाखवतो. "हवालदारमामास्नी इचारा. त्यास्नी सगळं ठावं हाय."

डोंबल ठावं हाय! तीस वर्षांच्या नोकरीतली निम्मी मी बंदोबस्तात काठी टेकून काढली आणि उरलेली मुद्देमालाच्या खोलीत उंदीर हाकलत. कायदा माझ्या टोपीला माहीत असेल, टोपीखाली कधी उतरला नाही. पण खुर्चीत बसलं की माणसाला सगळं येतं.

अशीच एक पोरगी आली, गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावातली. वडील ती लहान असतानाच गेले, रान चुलता कसायचा, आई दुसऱ्यांच्या बांधावर मजुरीनं तण भांगलायला जायची. गावच्या डांबरी रस्त्यावर पळून पळून पोरगी निवड यादीत आली होती. आता राहिला होता चारित्र्य पडताळणीचा फॉर्म. त्यात एक रकाना असतो, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का म्हणून. त्या रकान्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "मामा, हितं अडलंय."

"का? काय केलंयस?"

"गांजा."

"गांजा?" मी असा ओरडलो की दुकानदार मशीन तसंच सोडून बाहेर आला.

झालं होतं असं. चुलत्यानं उसाच्या मधल्या सऱ्यांत गांजाची झाडं लावली होती. ऊस डोक्याच्या वर गेला की आत काय उगवलंय ते देवालाही दिसत नाही. पण कुणीतरी खबर दिली, छापा पडला आणि पोलिसांनी सातबारा काढून त्यावरची नावं गुन्ह्यात घातली. वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर मायलेकींची नावं चढलेली. हिला अठरा पुरी होऊन दोन महिने झालेले. पुढं कोर्टानं दोघींना दोषमुक्त केलं, कारण त्या रानात त्यांनी कित्येक वर्षं पाऊलही टाकलं नव्हतं. चुलत्याचा खटला चालूच होता.

"मग भ्यायचं काय त्यात?" मी म्हणालो. "कोर्टानं सोडलंय न्हवं? तिथं निरंक लिव आणि हो मोकळी."

"पण मामा, वर लिवलंय की, माहिती लपवली तर अपात्र."

"फॉर्मवर लै काय काय लिवलेलं असतंय, बाई. फॉर्म वाचून कोण नोकरीला लागलंय का आजवर?"

पोरगी काही हलेना. आता, पोरांनी माझं ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं. शिवाय दुकानदार बघत होता. त्याला आत पिटाळून मी आवाज खाली घेतला आणि जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या पोरीला सांगून टाकलं, तेही फुशारकीनं.

विशीत असताना एका यात्रेत मी एका बैराग्याच्या चिलमीचा दम मारला होता. एकच दम, त्यातलाही निम्मा खोकण्यात गेला. नशा बैराग्याला चढली आणि पोलिसांनी उचललं मला. कोर्टात दंड भरला, नाव कागदावर चढलं. वर्षभरानं भरती झालो तेव्हा त्या रकान्यात मी झोकात लिहिलं, निरंक. पडताळणीला आलेल्या हवालदारासाठी वडिलांनी कोंबडं कापलं. त्यानं रस्सा भुरकत भुरकत 'वर्तन चांगले' असा शेरा मारला आणि जाताना दोन भाकरी बांधून नेल्या.

"बघ," मी छाती काढून म्हणालो, "तीस वर्षं! कुणाला पत्ता लागला न्हाय."

पोरीनं रकान्यावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "मग तुमी फौजदार का न्हाय झाला?"

आयला! पोलिसात जायच्या आधीच पोरीला उलटतपासणी येत होती.

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं पाठ होतं. मला पदाची हाव नव्हती. हे मी बायकोला सांगितलं, सासऱ्याला सांगितलं, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं फौजदार होऊन आली तेव्हा त्यांना सलाम ठोकता ठोकता सांगितलं. लोक म्हणायचे, काय साधा माणूस हाय. साधा कसला? भित्रा होतो मी. पदोन्नती म्हटली की फाईल उघडणार आणि फाईल उघडली की बैरागी बाहेर येणार. खात्याच्या परीक्षेचा अर्ज मी तीनदा आणला, तीनदा भरला आणि तीनदा देव्हाऱ्यामागं कोंबला. 'साहेबांनी बोलावलंय' असं कुणी म्हणालं की मी आधी संडासाकडं पळायचो. अख्ख्या ठाण्याला वाटायचं, हवालदाराचं पोट नाजूक आहे. बायको बिचारी तीस वर्षं माझ्या ताकात जिरं घालत आली.

"हाव नव्हती," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. "तीस वर्षं, मामा?" एवढंच म्हणाली. मग फॉर्म ओढून घेतला आणि लिहायला लागली. गुन्हा, कलम, कोर्ट, निकाल. रकाना पुरेना तर समासात लिहिलं. वर निकालाची प्रत जोडली.

माझा असा संताप झाला! "लिव, लिव! घाल धोंडा सोताच्या पायावर! आमी काय हितं माशा मारायला बसलोय?"

"जातो मामा," म्हणून ती निघून गेली.

बाकीच्यांना रुजू व्हायची पत्रं आली. हिचं आलं नाही. गुन्हा लिहिलेले फॉर्म बघायला एक समिती असते, हिचा कागद तिच्यापुढं गेला होता आणि तिथं तो मुक्कामाला राहिला. पोरगी दर आठवड्याला दुकानात येऊन ऑनलाईन बघायची आणि मान हलवून जायची. मी 'बघ, सांगितलं होतं' असं तोंड करून बसायचो. एक दिवस तिची आईच आली, डोक्यावरचा पदर सावरत, थेट माझ्या खुर्चीपुढं.

"तुमीच शिकवलासा न्हवं पोरीला खरं लिवायला? तिला इचारलं तर म्हनती, मामांच्या म्होरं बसून लिवलं. तिच्या नोकरीवर माझं मजुरीचं हात थांबणार हुतं. कुठं फेडशीला हे?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर खरेपणाचा आळ आला आणि मला तो नाकारताही येईना. मी खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत बसलो.

शेवटी समितीनं पोरीला बोलावलं. तो गुन्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर आधीपासून होताच, कलमासकट. साहेबांनी एवढंच विचारलं, की हे तू आपणहून लिहिलंस का. ती व्हय म्हणाली. त्यांनी निकालाची प्रत वाचली आणि पुढच्या आठवड्यात पत्र निघालं. त्या रकान्यात निरंक असतं तर पोरगी त्याच दिवशी घरी गेली असती, ते माझ्या शहाणपणामुळं.

मायलेकी पेढे घेऊन आल्या. आईचे डोळे भरलेले. "मामा, त्या दिवशी वंगाळ बोललो. तुमच्यामुळं झालं बघा सगळं."

मी पोरीकडं बघितलं. म्हटलं, आता ही सांगणार. सांगू दे, लायकीच आहे माझी.

"व्हय आई," ती म्हणाली, "मामांनी सोताचं उदाहरण सांगितलं, म्हणून तर मला धाडस झालं."

आई माझ्या पाया पडली. दुकानदारानं टाळ्या वाजवल्या. तो पेढा गिळताना मला जे झालं ते त्या चिलमीनंही झालं नव्हतं.

मी खुर्ची दुकानात आत ठेवली आणि घरी आलो. बायकोनं नेहमीसारखा ताकाचा पेला पुढं केला. म्हटलं, "उद्यापास्नं जिरं घालू नगंस."

"का? पोट बरं झालं?"

"बस हितं जरा," मी म्हणालो आणि देव्हाऱ्यामागं हात घातला.