आई प्रार्थनेत कुणाकुणाची नावं घेते

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या देवळात मध्यस्थीची प्रार्थना आईकडे असते. मध्यस्थीची म्हणजे स्वतःसाठी नाही, दुसऱ्यांसाठी मागायची. आणि देऊळ म्हणजे चर्च. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, घरात अजून देऊळच म्हणतो. ते डोंबिवलीत एमआयडीसीला लागून आहे, त्यामुळे आई आधी कारखान्यातल्या कामगारांच्या डोळ्यांसाठी मागते. मग राष्ट्रपती, रिक्षावाले, दहावीची मुलं आणि शेवटी मंडळीतली भांडणं. भांडण कुणाचंही असो, नावं दोन्हीकडची घ्यायची, हा तिचा नियम. एकदा नवराबायकोच्या भांडणात तिने सासूचंही नाव घेतलं होतं.

या नियमाने तिने लोकांना दुखावलंही आहे. एका पोरीवर अत्याचार झाला, सगळीकडे फाशी फाशी चाललं होतं, तेव्हा आई पोरीच्या घरासाठी रडत रडत बोलली आणि मग त्या गुन्हेगारासाठीही बोलली. अर्ध्या मंडळीने आमेन म्हटलं नाही. त्यात मीही होते, आणि मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही. आई मात्र शांत होती. "तुम्ही नका म्हणू, मी म्हणते," एवढंच म्हणाली.

बाबा गेल्यापासून आईचं बाहेर जाणं म्हणजे देऊळ, आणि देवळातलं तिचं स्वतःचं असं काही असेल तर हा दुसरा रविवार. तो तिच्या हातून जायची वेळ आली पालिकेच्या निवडणुकीत.

वॉर्डातला एक उमेदवार, सगळे त्याला भाऊ म्हणतात, देवळाच्या अंगणात सिमेंटचे बाक बसवून देणार होता. पाठीवर त्याचं नाव रंगवलेले, आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर असतात तसले. बाक हवे होते हे खरंच. उपासनेनंतर चहा होईपर्यंत म्हातारी माणसं ताटकळत उभी असतात आणि आई गुडघ्यांमुळे रंगाच्या उपड्या डब्यावर बसते. पण याच भाऊंना मी आमच्या चौकातल्या सभेत ऐकलेलं. "प्रार्थनेच्या नावाखाली कुठे काय चालतं ते आम्हाला ठाऊक आहे," असं ते माइकवरून गरजले होते आणि लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या. तेच आता दुसऱ्या रविवारी आमच्याकडे प्रार्थना करून घ्यायला येणार होते!

आमचे मोठे पंच, म्हणजे देवळाचा कारभार बघणारे वडीलधारे, ठाण्यातल्या खोपटहून मुद्दाम घरी आले. "सिस्टर, भाऊंच्या विजयासाठी दोन शब्द मागा. जमत नसेल तर तुमची पाळी मी दुसऱ्या कुणाला देतो. पुढच्या पाळ्याही मग तेच बघतील." आई आयुष्यभर नर्स होती, तिला सगळे सिस्टरच म्हणतात. तिने त्यांना चहा दिला आणि "बघते" म्हणाली.

ते गेल्यावर मी तडकले. "सरळ नाही म्हण! आपल्याला शिव्या घालायच्या आणि आपल्याकडूनच आशीर्वाद घ्यायचे, वा रे वा!"

आई मेथी निवडत होती. "विजय मी कुणाचाच मागत नसते. देव काय माझा पोलिंग एजंट आहे?"

"मग काय मागणार?"

"डोळे मिटल्यावर कळेल. तू ती कोथिंबीर घे."

रविवारी भाऊ आले. पांढरा कुर्ता, मागे कार्यकर्ते, एकाच्या हातात मोबाईल, शूटिंग चालू. पंच त्यांना पहिल्या रांगेत घेऊन गेले. आई हळूहळू पुढे गेली आणि डोळे मिटले.

तिने भाऊंचं पूर्ण नाव घेतलं. सभा घेऊन घेऊन बसलेल्या त्यांच्या घशासाठी मागितलं, शुगरसाठी मागितलं, आणि तोंडावर खरं बोलणारं एखादं माणूस त्यांच्याजवळ असू दे म्हणाली. भाऊंनी हात जोडून मोठ्याने आमेन म्हटलं. मग तिने त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराचं पूर्ण नाव घेतलं. भाऊ ओघात होते, आमेन म्हणून गेले. साहेबांनी म्हटलं म्हणून कार्यकर्त्यांनीही म्हटलं. मोबाईल हळूच खाली गेला. मग तिसरा उमेदवार, मग अपक्ष बाई, मग माइकवरच्या बोलण्याने ज्यांना रात्री झोप लागत नाही ती सगळी माणसं. "आणि प्रभू, माझी पोरगी. समोर बसलेल्या माणसाचा तिला फार राग आहे. तिचाही घसा सांभाळ." सगळ्या देवळाने आमेन म्हटलं, माझ्याकडे बघून. पंचांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. भाऊ चहाला थांबले नाहीत.

पाळी आता गेलीच, असं आम्ही धरून चाललो. पण गोष्ट वॉर्डभर झाली आणि आठवड्याभरात ती अपक्ष बाई देवळाच्या दारात हजर. "त्या सिस्टर कुठायत? माझं नाव घेतलंत म्हणे." मग तिसरा उमेदवारही येऊन गेला. पंचांना आईला हटवायची सोयच उरली नाही. बाक काही आले नाहीत.

निकाल लागला. भाऊ पडले. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर ते फाटकातून आत आले, एकटेच. साधा शर्ट, दाढी वाढलेली. आई तिच्या डब्यावर बसली होती. त्यांनी भिंतीकडचा दुसरा डबा ओढला, उपडा केला आणि तिच्याशेजारी बसले.

"मावशे," ते म्हणाले, "त्या दिवशी घेतलास तसा एकदा नाव घे ना माझा. आता कोनी घेत नाय."

मी दोघांसाठी चहा घेऊन उभी होते. मला त्या माणसाची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला.

आईने माझ्या हातातले कप काढून घेतले. "आज माझा घसा बसलाय," म्हणाली. तो अजिबात बसला नव्हता. "आज तू कर."

भाऊंनी आधीच मान खाली घातली होती. मी आईकडे रागाने बघितलं, मग डोळे मिटले, आणि त्यांच्या शुगरपासून सुरुवात केली.